दोन देशांचे सहकार्य आणि भाताचे खाचर

(भिवंडी तालुक्यातील भातशेतकऱ्यांसाठी अभ्यासपाठ)

भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागांचा खडखडाट आणि मुंबई-नाशिक महामार्गालगतची प्रचंड गोदामे डोळ्यांसमोर उभी राहतात. तथापि पडघा, अनगाव, दुगाड, वज्रेश्वरी ह्या बाजूस वळले म्हणजे आजही पावसाळ्यात खाचरामागून खाचर हिरवे झालेले दिसते. येथील शेतकऱ्यापुढे दोन अडचणी एकाच वेळी उभ्या आहेत. जमीन गोदामांखाली जात आहे, आणि जी उरली आहे तिच्यात लावणीच्या आठवड्यात हात मिळत नाहीत. कारण तेच हात गोदामात माल चढविण्या-उतरविण्याच्या कामावर बाराही महिने लागलेले असतात. अशा परिस्थितीत एखादी संस्था परदेशी साहाय्याने गावात येते, एखाद्या विद्यापीठाचे संशोधक नमुने मागतात आणि गावाने सहभागी व्हावे असे सुचवितात. गावाने अशा वेळी कोणती भूमिका घ्यावी? होकार द्यावा, नकार द्यावा, की काही विचारून मग ठरवावे? ह्या प्रश्नाचा विचार प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणांच्या आधारे करणे हा ह्या पाठाचा हेतू होय.

परदेशी सहकार्य खाचरात आधीच आलेले आहे

परदेशी सहकार्य ही काही नवी किंवा दूरची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील फोर्ड आणि रॉकफेलर ह्या दोन धर्मादाय प्रतिष्ठानांच्या साहाय्याने १९६० साली फिलिपाईन्स देशात आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. इंडोनेशियातील उंच 'पेटा' आणि तैवानमधील ठेंगणे 'डी-जिओ-वू-जेन' ह्यांच्या संकरातून तेथे 'आयआर-८' हे वाण तयार झाले व १९६६ साली ते प्रसारित करण्यात आले. पुढे कटक येथील मध्यवर्ती भात संशोधन केंद्रात दक्षिण भारतातील 'टीकेएम-६' ह्या वाणाशी त्याचा संकर करून 'रत्ना' हे वाण निपजले. कोकणातील ज्या शेतकऱ्याने रत्ना पेरला, त्याच्या कणगीत दोन धर्मादाय प्रतिष्ठानांचा पैसा, तीन देशांचे बियाणे आणि आपल्या देशातील शास्त्रज्ञांचे श्रम एकत्र आले होते. त्याला त्याची कल्पना नसेल. परंतु दाणा त्याच्या पदरात पडला.

अशा प्रत्येक सहकार्यात तीन पक्ष असतात. धर्मादाय किंवा स्वयंसेवी संस्था पैसा व संघटन पुरविते. विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र प्रयोग करून खरे-खोटे निवडते. आणि गाव आपली जमीन, श्रम, बियाणे व पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव देते. पहिल्या दोन पक्षांचे योगदान कागदावर लिहिले जाते. तिसऱ्याचे बहुधा लिहिले जात नाही. येथूनच पुढील बऱ्याच अडचणी सुरू होतात.

युरियाच्या गोळीचा प्रवास

ठाणे, रायगड, रत्नागिरी ह्या जिल्ह्यांत 'चारसूत्री भातलागवड' हे नाव परिचित आहे. तिच्या चौथ्या सूत्रातील युरिया-डीएपीची गोळी ही दोन देशांच्या सहकार्याचे उत्तम उदाहरण ठरते.

भाताच्या खाचरात युरिया फोकून दिल्यावर त्याचे काय होते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पाण्यात विरघळताच त्याचे अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. खाचरातील पाणी त्यामुळे अल्कधर्मी बनते आणि नत्राचा मोठा भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत निघून जातो. काही भाग नायट्रेट होऊन नंतर नत्रवायूच्या रूपाने नष्ट होतो. आणि कोकणच्या मुसळधार पावसात बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर उरलेल्यातील बराचसा खालच्या ओढ्यास मिळतो. शेतकरी पोत्याचे पैसे देतो, पण पिकाच्या मुळांना त्यातील थोडेच लाभते. हेच खत चिखलाच्या खालच्या थरात, जेथे हवा पोचत नाही तेथे ठेवले, तर अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते व मुळांना हळूहळू मिळत जाते. जपानी शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व दाखवून दिले होते. अडचण होती ती भुकटीसारखे खत चिखलात खोल ठेवावे कसे, ही.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात मसल शोल्स येथे १९७४ साली आंतरराष्ट्रीय खतविकास केंद्र ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिने आणि फिलिपाईन्समधील भात संशोधन संस्थेने मोठ्या दाण्याचा व गोळीचा युरिया तयार करून अनेक देशांतील खाचरांत तपासला. ह्या केंद्रात मृद्शास्त्रज्ञ म्हणून काम केलेले डॉ. नारायण सावंत ह्यांनी हे ज्ञान कोकणात आणले आणि येथील शेतकऱ्यास झेपेल अशा रीतीने अन्य तीन सूत्रांबरोबर गुंफले. दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोग केले. शेजारच्या बांगलादेशात १९९० नंतरच्या दशकात स्थानिक कारखान्यांतून गोळ्या पाडण्याची लहान यंत्रे बनू लागली व 'गुटी युरिया' ह्या नावाने ती गोळी गावोगावच्या दुकानांत पोचली.

ही चार सूत्रे अशी :

पहिले सूत्र, भाताच्या अवशेषांचा फेरवापर. रोपवाटिकेत प्रत्येक चौरस मीटरास अर्धा ते एक किलो काळी तुसाची राख मिसळावी आणि पहिल्या नांगरणीच्या वेळी हेक्टरी सुमारे २ टन पेंढा शेतात गाडावा. त्यायोगे पालाश व सिलिका जमिनीस परत मिळतात आणि रोपे कणखर होतात.

दुसरे सूत्र, गिरिपुष्पाचा पाला. चिखलणीपूर्वी सुमारे एक आठवडा गुंठ्यास २५ ते ३० किलो हिरवा पाला पसरावा. गिरिपुष्प हे झाडही मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. बांधावर ते आता घरच्यासारखे झाले आहे.

तिसरे सूत्र, नियंत्रित लावणी. खुणा केलेल्या दोरीच्या आधारे १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटून-पालटून अंतरे ठेवून, दर चुडात दोन-तीन रोपे लावावीत. ह्यामुळे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात.

चौथे सूत्र, खताची गोळी. लावणीच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दर चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचावी.

ह्याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास करता येण्याजोगा आहे. हेक्टरी ६२,५०० गोळ्या लागतात. म्हणजे सुमारे १७० किलो. गोळीत ६० भाग युरिया व ४० भाग डीएपी असल्याने त्यातून हेक्टरी सुमारे ५८ किलो नत्र व ३१ किलो स्फुरद मिळते. सुधारित वाणांस फोकून देण्यासाठी हेक्टरी सुमारे १०० किलो नत्राची शिफारस असते, हे ध्यानात घेता बचत किती ते उघड आहे. गोळीत पालाश नाही. ते पेंढा व राख ह्यांतून मिळावयाचे असते. म्हणून पहिले सूत्र वगळून चौथे तेवढे उचलणे हे अर्धवट काम होय. चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात गोळीचा उत्तम उपयोग होतो. ज्या रेताड जमिनीत पाणी भराभर झिरपते तेथे नत्र खाली निघून जाण्याचा धोका असतो.

आता दुसरी बाजूही पाहावयास हवी. गुंठ्यास सुमारे ६२५ गोळ्या म्हणजे वीस गुंठ्यांच्या कुटुंबास १२,५०० वेळा वाकणे आले. लावणी बहुधा स्त्रियाच करतात. तेव्हा हा भार त्यांच्या कमरेवर पडतो. ज्या भिवंडी तालुक्यात लावणीस माणूस मिळत नाही, तेथे खत वाचते म्हणून श्रम वाढविणारी पद्धत आपोआप रुजेल असे मानणे चुकीचे ठरेल. परक्या देशात काय तपासले गेले, ह्याबरोबरच येथे काय तपासावयाचे राहिले आहे, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

मादागास्कर : शेतकऱ्यांपासून विद्यापीठाकडे

वरील उदाहरणात ज्ञान प्रयोगशाळेतून शेताकडे आले. उलट दिशेने गेलेले उदाहरण आफ्रिकेजवळील मादागास्कर बेटाचे आहे. आँरी द लोलानिए ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाने तेथील शेतकऱ्यांबरोबर अनेक वर्षे भाताची निरीक्षणे केली. १९८३ च्या सुमारास लहान वयाचे रोप, एका ठिकाणी एकच काडी, रुंद अंतर आणि खाचर सतत भरलेले न ठेवणे ह्या बाबी एकत्र आल्या. १९९० साली 'तेफी साइना' ही स्थानिक संस्था स्थापन झाली. १९९४ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने रानोमाफाना राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील गावांत तिच्याबरोबर काम केले, कारण डोंगर जाळून केली जाणारी शेती थांबवावयाची तर खालच्या खाचरात अधिक भात पिकणे अगत्याचे होते. हीच पद्धत पुढे भारतात 'श्री' ह्या नावाने आली.

ह्या पद्धतीने मिळालेल्या अतिशय मोठ्या उत्पादनाच्या आकड्यांविषयी भातशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद झाले. हा वाद उपकारकच ठरला. पद्धतीचे कोणते अंग कोठे उपयोगी पडते ह्याचा शोध त्यामुळे देशोदेशी सुरू झाला. भिवंडी तालुक्यापुरते बोलावयाचे तर, जुलै महिन्यात एका खाचराचे पाणी दुसऱ्यात उतरते, तेथे दहा-बारा दिवसांचे नाजूक रोप एकेक लावून पाणी कमी ठेवणे सखल जमिनीत कठीण जाते. चढाच्या, निचऱ्याच्या खाचरात त्याचा विचार करता येईल. पद्धत जशीच्या तशी उचलण्यापेक्षा तिच्यामागील कारण समजून घेणे श्रेयस्कर.

फलटण : मेंढीचा जनुक आणि मेंढपाळाचा शब्द

महाराष्ट्रातील एक उदाहरण सातारा जिल्ह्यातील फलटणचे आहे. बनबिहारी निंबकर ह्यांनी १९६८ साली तेथे निंबकर कृषि संशोधन संस्था ही ना-नफा संस्था स्थापन केली. दख्खनी मेंढी बहुधा एका वेतात एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील लहानखुरी 'गारोल' मेंढी मात्र एका वेतात दोन-तीन कोकरे देते. १९९८ पासून ऑस्ट्रेलिया सरकारच्या आंतरराष्ट्रीय कृषि संशोधन केंद्राच्या साहाय्याने फलटणची संस्था, तेथील न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ह्यांनी एकत्र काम केले. ऑस्ट्रेलियातील 'बुरूला' मेरिनो मेंढ्यांत जो जुळ्यांचा जनुक आहे तो मुळात अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून नेलेल्या मेंढ्यांतून तेथे गेला, असे शास्त्रज्ञ मानतात. २००१ साली तो जनुक नेमका ओळखला गेला आणि गारोल मेंढीतही तोच असल्याचे आढळले. म्हणजे जे ज्ञान परदेशातून आले असे वाटले, त्याचे मूळ आपल्याच देशातील मेंढपाळांच्या कळपात होते.

डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जनुक दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली, आणि ती केवळ संस्थेच्या गोठ्यात न ठेवता धनगरांच्या फिरत्या कळपांत तपासली. हा टप्पा अत्यंत महत्त्वाचा होता. जुळी कोकरे झाली तरी मेंढीस पुरेसा चारा नसेल तर दूध पुरत नाही व एखादे कोकरू दगावते. दोन कोकरांचा लाभ होतो की तोटा, ह्याचा निर्णय प्रयोगशाळेत होऊ शकत नाही. तो मेंढपाळाच्याच हिशेबात होतो.

दरेवाडी : आधी गाव, मग पैसा

चौथे उदाहरण पाणलोटाचे आहे. १९४८ साली भारतात आलेले स्विस धर्मोपदेशक फादर हर्मन बाखर ह्यांच्या प्रयत्नांतून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारचा पैसा तेथील विकास बँकेमार्फत नाबार्डकडे येई. गावांना तयार करण्यासाठी फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो ह्यांनी १९९३ साली 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' अर्थात 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे पर्जन्यछायेतील, टँकरवर अवलंबून असलेले गाव ह्या कार्यक्रमातून पुढे आले.

ह्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य त्याच्या क्रमात होते. प्रथम ग्रामसभेचा निर्णय, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि थोड्या क्षेत्रावर प्रत्यक्ष काम. ते पार पडल्यानंतरच मोठी रक्कम मिळे. तंत्रज्ञ प्रत्येक गट क्रमांकावर त्या शेतकऱ्यास घेऊन जात आणि बांध कोठे, झाडे कोणती हे त्याच्याशी ठरवून लिहून घेत. गावाची पाणलोट समिती खर्चाचा हिशेब पाही. काम संपल्यानंतरच्या देखभालीसाठी निधी बाजूला ठेवला जाई. परदेशी साहाय्य संपल्यावर बंधारे कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारलेला होता.

सावधगिरी व कायद्याचे संरक्षण

प्रत्येक सहकार्य समानतेचे असतेच असे नाही. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीने जखम बरी करण्याच्या उपयोगावर पेटंट मिळाले होते. जे घरोघरी आजीस ठाऊक होते ते नवे संशोधन म्हणून नोंदले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ते रद्द होऊ शकले ह्याचे कारण हळदीचा उपयोग जुन्या ग्रंथांत व लेखांत लिहिलेला सापडला. जे लिहिलेले नसते त्याचे रक्षण करणे फार अवघड असते.

आज शेतकऱ्याच्या बाजूने काही कायदे आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये परदेशी व्यक्ती वा संस्थेस येथील बियाणे, वनस्पती अथवा अन्य जैविक साधने संशोधनासाठी घ्यावयाची असल्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शासनमान्य संयुक्त संशोधन प्रकल्पांस स्वतंत्र नियम आहेत. ह्याच अधिनियमाखाली स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करता येते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व स्वतःचे वाण नोंदविण्याचा अधिकार आहे. शेजारच्या वाडा तालुक्याच्या 'वाडा कोलम' तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे उदाहरण तर हाताशीच आहे.

पैशाच्या बाबतीत, परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेस विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते, ती दुसऱ्या संस्थेस वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. ह्या गोष्टी ग्रामसभेत विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रामाणिक संस्थेस अशा प्रश्नांचा राग येत नाही.

ग्रामसभेने विचारावयाचे प्रश्न

वरील उदाहरणांवरून कोणतेही सहकार्य स्वीकारण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मराठीतून घ्यावीत :

१. प्रश्न कोणाचा आहे? गावाने मांडलेला, की बाहेरून ठरवून आणलेला?

२. ह्या कामाने कोणाचे श्रम किती वाढतील? विशेषतः स्त्रियांचे श्रम मोजले आहेत काय?

३. बियाणे, मातीचे नमुने व माहिती कोठे जाणार, कोणाच्या नावावर नोंदणार आणि निष्कर्ष गावास केव्हा व कोणत्या भाषेत सांगणार?

४. प्रयोग फसल्यास पिकाचे नुकसान कोण भरून देणार?

५. पैसा संपल्यावर काम कोणाच्या हाती राहणार?

दहा गुंठ्यांचा प्रयोग

प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याच्याकडे स्वतःचे मोजमाप आहे त्यास अधिक शोभतो. म्हणून गावातील चार-पाच शेतकऱ्यांनी येत्या खरिपात प्रत्येकी दहा गुंठे ह्या कामी वेगळे काढावेत. पाच गुंठ्यांत चारसूत्री पद्धत आणि लगतच्या पाच गुंठ्यांत नेहमीची पद्धत ठेवावी. दोन्हीकडे वाण एकच असावे, लावणी एकाच दिवशी व्हावी व मजूरही तेच असावेत. खताचे वजन व किंमत, लावणीस व गोळ्या खोचण्यास लागलेले तास, कापणीनंतर वाळवलेल्या भाताचे वजन आणि पेंढ्याचे वजन ह्यांची नोंद साध्या वहीत ठेवावी. कामाचे तास लिहिताना पुरुष व स्त्रिया ह्यांची रकाने वेगळी असावीत. कापणीच्या दिवशी कृषि सहाय्यकास शेतावर बोलवावे व वही ग्रामसभेत वाचून दाखवावी.

अशी वही तीन वर्षे ठेवली गेली म्हणजे गावाजवळ स्वतःचे असे ज्ञान तयार होते. मग बाहेरून येणारे विद्यापीठ ह्या देशातील असो वा परदेशातील, त्याच्यासमोर गाव केवळ जमीन आणि मजूर घेऊन उभे राहत नाही. आपले आकडे घेऊन बसते. गोळी पाच गुंठ्यांत फायद्याची ठरली पण श्रमात तोट्याची, असे वहीत दिसले, तर गोळी खोचणारे हलके अवजार बनवून द्या, अशी नेमकी मागणी गावास करता येईल. भिवंडीसारख्या तालुक्यात, जेथे शेताचा भाव गोदामाच्या भाड्याशी तोलला जातो, तेथे खाचर टिकवावयाचे असेल तर त्यातून काय निघते आणि त्यासाठी काय वेचावे लागते हे शेतकऱ्यास पैशापर्यंत व तासापर्यंत ठाऊक असले पाहिजे. वहीचा खर्च फारसा नाही. मृग नक्षत्रापूर्वी ती आणून तिचे रकाने आखून ठेवावेत.